चूल आणि शेगडी : पेटवण्यापासून विझवण्यापर्यंत

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात खापरखेडा आहे. महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आणि आसपासच्या कोळसा खाणी ही या गावाची ओळख. केंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच असून त्यांची एकूण क्षमता १,३४० मेगावॉट आहे. या केंद्रात कोळसा जाळण्याआधी दळून पिठासारखा बारीक केला जातो, गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत सोडला जातो आणि धुरातली राख अडवून उरलेला धूर उंच चिमणीतून वर सोडला जातो.

घरच्या चुलीत यातले काहीच आपोआप होत नाही. इंधन बारीक करणे, त्याला हवा देणे आणि धुराला वाट करून देणे ही तिन्ही कामे चुलीपुढे बसणाऱ्या माणसाला करावी लागतात, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे घरातली बाई असते. चुलीच्या जाळाने भाजते, हे लहान मुलालाही कळते. पण जाळापेक्षा मोठा धोका इंधनाच्या न जळलेल्या भागाचा असतो. त्यातला धूर डोळ्यांना दिसतो. धूर संपल्यावरही निखाऱ्यांतून निघत राहणारा कार्बन मोनॉक्साईड मात्र दिसतही नाही आणि त्याला वासही येत नाही.

चूल अजून का पेटते?

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांपर्यंत गॅसजोडणी पोहोचू लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे ८० टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी मुख्यतः स्वच्छ इंधन वापरतात. देशासाठी हेच प्रमाण ५८.६ टक्के आहे.

पण गॅस आला म्हणून चूल गेली, असे सगळीकडे झालेले नाही. सिलिंडर महाग पडतो म्हणून चहा-भाजी गॅसवर आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत असते. विदर्भात उलट्या मडक्यावरची लांब पोळी किंवा गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे गॅसवर जमत नाहीत. कापूस आणि तूर निघाल्यावर पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतात फुकट मिळतात. खाणपट्ट्यात दगडी कोळशाची शेगडी, म्हणजेच सिगडी, जुन्या सवयीची आहे. हिवाळ्यात ती शेकोटीचेही काम करते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा रात्री शेगडी घरात घेण्याचा मोह होतो, आणि सर्वांत गंभीर धोका त्याच वेळी असतो.

लाकूड जळते म्हणजे काय होते?

लाकूड तापले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते. तापमान साधारण २०० ते ३०० अंशांच्या पुढे गेले की लाकडातून ज्वलनशील वायू बाहेर पडू लागतात. आपल्याला दिसणारी ज्वाळा ही या वायूंची असते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपात जळतो. उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा, आणि शेवटी राख.

हे वायू पुरेसे तापले नाहीत किंवा त्यांना हवा कमी पडली, तर ते न जळताच बाहेर पडतात. तोच धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेले इंधन आहे. ज्या चुलीला धूर जास्त, तिला सरपणही जास्त लागते. भांड्याच्या बुडाची काजळी हीदेखील अर्धवट जळण्याची खूण आहे.

सरपण कसे असावे?

नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे एक किलो लाकूड चुलीत घालणे म्हणजे अर्धा लिटर पाणी आधी आटवून मग जाळ करणे. चुलीसाठी लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत असायला हवा.

विदर्भात सरपण वाळवायला उन्हाळ्याइतकी चांगली वेळ नाही. हिवाळ्यात तोडलेले लाकूड फोडून एप्रिल-मेच्या उन्हात ठेवावे आणि जूनमध्ये पाऊस येण्याआधी आडोशाला घ्यावे. अख्खे ओंडके आतून ओले राहतात, म्हणून आधी फोडणे महत्त्वाचे. रचताना खाली विटा किंवा जाड लाकडे टाकावीत, म्हणजे जमिनीची ओल लागत नाही, आणि फाट्यांमध्ये हवा खेळायला जागा ठेवावी. ताडपत्री फक्त वरून टाकावी. चारही बाजूंनी गुंडाळल्यास आतला ओलावा कोंडतो.

वाळलेले लाकूड ओळखणे सोपे आहे. त्याच्या टोकांना भेगा पडतात, साल सुटू लागते, ते हाताला हलके लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बसका असतो. जळताना टोकाला फेस आला किंवा सुरसुर आवाज झाला, तर लाकूड अजून ओले आहे.

बाभळीसारखे जड लाकूड सावकाश जळते आणि त्याचे निखारे टिकतात, म्हणून डाळ-भातासाठी ते चांगले. पऱ्हाट्या आणि तुराट्या झटकन पेटतात, पण भराभर संपतात. त्या घालून चुलीपासून उठून जाऊ नये, कारण पेटती काडी बाहेर गळून पडते. गोवरी धुमसत जळते आणि धूर बराच करते, म्हणून गोवऱ्यांचा विस्तव उघड्यावरच करावा.

सरपणाच्या ढिगात विंचू आणि साप आसरा घेतात. ढीग घराच्या भिंतीला आणि झोपायच्या जागेला लागून नसावा. अंधारात हात घालून लाकूड ओढू नये. बॅटरी घ्यावी आणि काठीने हलवून मग उचलावे.

चुलीत काय घालू नये?

चूल पेटत नाही म्हणून प्लास्टिकची पन्नी पेटवून खाली घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पन्नी चटकन पेट घेते, पण तिचा धूर विषारी असतो आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून खोल भाजतो. रबर, टायरचे तुकडे, थर्माकोल, प्लायवूड आणि रंग किंवा पॉलिश लावलेले लाकूडही चुलीत घालू नये. फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि खोकी तर मुळीच नकोत. कण्हेरीच्या फांद्या सरपणात येऊ देऊ नयेत. हे झाड विषारी आहे आणि त्याचा धूरही त्रासदायक असतो.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल किंवा सॅनिटायझर पेटत्या अथवा गरम चुलीवर कधीही ओतू नये. वरून विझल्यासारख्या दिसणाऱ्या निखाऱ्यावर इंधन पडले की त्याची वाफ होते, ती भडकते आणि ज्वाळा धारेबरोबर हातातल्या बाटलीपर्यंत येऊ शकते.

चुलीची जागा

चूल शक्यतो उघड्या पडवीत किंवा वेगळ्या स्वयंपाकघरात असावी. ती घरात असेल, तर वर धूर जायला झरोका किंवा धुराडे आणि खाली हवा आत यायला दार किंवा खिडकी, अशा दोन वाटा लागतात. फक्त वरची वाट असून पुरत नाही, कारण हवा आत आली नाही तर धूर वर जात नाही.

धुराड्याचे तोंड छपराच्या सर्वांत उंच भागापेक्षा वर असावे. नाहीतर वाऱ्याने धूर परत घरात येतो. धुराड्यात काजळी साचली की वाट अरुंद होते आणि साचलेली काजळी स्वतःही पेट घेऊ शकते. रोजच्या वापरात ते महिन्यातून एकदा झाडावे. लोखंडी पाइप छपरातून जातो तिथे कुडाचा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा भाग त्याला टेकू देऊ नये.

गॅस आणि चूल एकाच खोलीत असतील तर विशेष काळजी घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, आणि चूलही जमिनीवरच असते. सिलिंडर आणि चूल एका खोलीत न ठेवणे हेच चांगले. गॅसचा वास आला तर चूल पेटवू नये. चूल आधीच पेटलेली असेल, तर सगळ्यांनी बाहेर पडावे आणि बाहेरून मदत बोलवावी. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये.

पेटवण्याची रीत

१. जुनी राख काढावी. तळाशी बोटभर थर राहिला तर चालतो, पण राखेने तोंड भरले असेल तर हवा जात नाही.

२. पदर खोचावा, ओढणी मागे बांधावी, केस बांधावेत. चुलीपुढे सुती कपडे बरे. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून अंगाला चिकटतात. जवळ पाण्याची बादली ठेवावी.

३. खाली दोन काड्या समांतर ठेवून त्यांवर वाळलेला पाला, नारळाची शेंडी किंवा लाकडाच्या बारीक ढलप्या सैल रचाव्यात. दाबून भरू नयेत.

४. त्यावर बोटाएवढ्या जाडीच्या काड्या आडव्या-उभ्या ठेवून खालून काडी लावावी.

५. या काड्यांनी चांगला पेट घेतल्यावरच मनगटाएवढी फोडलेली लाकडे घालावीत. एकदम मोठे लाकूड घातले की जाळ थंड पडतो आणि धूर होतो.

६. जाळ स्थिर झाला की भांडे ठेवावे. सुरुवातीच्या अशक्त ज्वाळेवर थंड भांडे ठेवले तर वायू न जळताच काजळी धरतात.

फुंकणी वापरताना श्वास घेण्याआधी तोंड बाजूला करावे. फुंकणीतून श्वास आत ओढला तर धूर आणि गरम राख थेट छातीत जाते. वारंवार फुंकावे लागत असेल, तर लाकूड ओले आहे, राख साचली आहे किंवा चूल खच्चून भरली आहे. ते आधी सुधारावे.

जळत असताना

दोन-तीन लाकडे पुरतात, आणि त्यांच्यात बोटभर अंतर हवे. फक्त टोके जळावीत आणि जसजशी ती जळतील तसतशी लाकडे आत सरकवावीत. लांब लाकडाचे बाहेरचे टोक अडखळण्याच्या वाटेत येऊ देऊ नये. लहान मुलांसाठी चुलीपासून दोन हातांवर रेघ आखून द्यावी आणि उकळते भांडे त्यांच्या हाती लागेल असे ठेवू नये. भांड्यावर झाकण ठेवणे, डाळ आधी भिजवणे आणि सरपण आधीच फोडून ठेवणे यांमुळे चुलीपुढे बसण्याचा वेळ कमी होतो, आणि तेवढाच धूरही कमी छातीत जातो.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. त्याने जळते तेल उडते. ताट किंवा झाकण सरकवून कढई झाकावी, लाकडे बाहेर ओढावीत आणि कढई गार होईपर्यंत हलवू नये.

धुराचे दुखणे एका दिवसात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे होणाऱ्या हवाप्रदूषणाने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, आणि त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक मुले होती. मुलांमध्ये न्यूमोनिया, मोठ्यांमध्ये दम लागण्याचा जुनाट आजार, हृदयविकार, पक्षाघात आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आहे. म्हणून तान्हे मूल कडेवर घेऊन चुलीपुढे बसणे टाळावे.

दगडी कोळशाची शेगडी

कोळसा दोन प्रकारचा. लाकडापासून केलेला तो लोणारी कोळसा आणि खाणीतला तो दगडी कोळसा. दगडी कोळशात राख जास्त असते आणि त्याच्या धुरात गंधकाचे वायू असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने घरात दगडी कोळसा जाळल्यावर निघणारा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. त्यामुळे दगडी कोळशाची शेगडी ही घरात पेटवण्याची वस्तू नाही.

ती अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून पेटवावी. जाळीखालची राख काढून खालचे तोंड मोकळे ठेवावे, जाळीवर गोवरीचे तुकडे आणि ढलप्या रचाव्यात, त्या पेटल्या की सुपारी ते लिंबाएवढे कोळशाचे तुकडे थोडे थोडे घालावेत. कोळशाचा चुरा वरून ओतल्यास हवेची वाट बंद होते आणि नुसते धुमसणे सुरू होते.

पेटत्या कोळशाचा पहिला काळपट-पिवळा धूर अर्ध्या तासात ओसरतो, निखारे लाल होतात आणि धूर दिसेनासा होतो. मग लोक शेगडी आत घेतात. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड मात्र या वेळीही निघत असतो. धूर गेला म्हणजे धोका गेला, असे होत नाही. लोणारी कोळशाला तर सुरुवातीपासून धूर कमी, म्हणून तो अधिक फसवा. घमेल्यात काढून आणलेले चुलीतले निखारे आणि न्हाणीघरातला लाकडाचा बंब यांनाही हाच नियम लागू आहे.

कार्बन मोनॉक्साईड काय करतो?

रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साईड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, गुदमरल्यासारखे वाटत नाही, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, अशक्तपणा, गोंधळल्यासारखे होणे आणि शेवटी शुद्ध हरपणे. झोपलेल्या माणसाला ही लक्षणे कळतच नाहीत. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरोगी यांना धोका अधिक.

खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर कारण शेगडी असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत न्यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. मोकळ्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिल्यावर तोच वेळ साधारण दीड तासावर येतो. म्हणून ‘थोडं बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबू नये.

करोनानंतर अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नये. साधे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साईड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायू असलेले समजते आणि आकडा ठीक दाखवते.

म्हणून पेटती शेगडी किंवा निखारे ठेवून खोलीत झोपू नये. खिडकीची फट ठेवली तरी नाही, आणि पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये किंवा ट्रकमध्येही नाही. शेकायचे असेल तर अंगणात शेकावे आणि झोपताना दोन पांघरुणे जास्त घ्यावीत.

विझवणे आणि राख

स्वयंपाक झाला की लाकडे बाहेर ओढून त्यांची टोके मातीत किंवा राखेत दाबावीत. मातीच्या गरम चुलीवर पाणी ओतू नये. चूल तडकते आणि वाफेने हात भाजतो. निखारे राखेखाली झाकून विस्तव टिकवण्याची जुनी पद्धत पडवीतल्या चुलीत ठीक आहे, पण ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे नको.

वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीपर्यंतही निखारा जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात किंवा घमेल्यात काढून घरापासून दूर ठेवावी. गरम राख प्लास्टिकच्या गोणीत, कडब्याजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नये.

भाजल्यास

कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये. जमिनीवर पडून लोळावे किंवा जाड सुती चादर, घोंगडी अंगाभोवती गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर लगेच साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये, फोड फोडू नयेत आणि चिकटलेला कपडा ओढून काढू नये. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. तळहातापेक्षा मोठी जखम असेल किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील, तर स्वच्छ कापड सैल टाकून रुग्णालयात न्यावे. आग आटोक्याबाहेर गेली तर १०१ किंवा ११२ वर कळवावे.

सुधारित चूल किती कामाची?

केंद्र सरकारने १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला आणि तो २००२ मध्ये थांबला. पुण्याच्या आरती या संस्थेने धुराडे असलेली ‘लक्ष्मी’ चूल प्रसारात आणली. नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, निरनिराळी इंधने चालणारी ‘नीरधूर’ चूल विकसित केली. या सगळ्यांत तत्त्व एकच आहे : जळणाच्या जागेभोवती उष्णता राखणे, हवा योग्य ठिकाणी देणे आणि धूर निघून जाईल अशी सोय करणे.

पण सुधारित चुलीतही ओले लाकूड घातले, धुराडे झाडले नाही किंवा तडा गेलेली चूल लिंपली नाही, तर ती जुन्या चुलीसारखीच वागते. चूल साधी असो वा सुधारित, सरपण वाळलेले आणि बारीक फोडलेले असावे, हवेला आत यायला आणि धुराला बाहेर जायला वाट असावी, आणि झोपायच्या खोलीत निखारा नसावा.